आडातली रेंज, पोहऱ्यातला बूस्टर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दूरसंचाराच्या क्षेत्रात चौतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. डॉक्टर लग्नाला गेला तरी लोक त्याच्यापुढे नाडी धरतात, तसंच माझंही होतं. कुठंही गेलो की कुणीतरी खिशातून मोबाइल काढतो आणि विचारतो, "आमच्या घरात रेंज येत नाही हो, काय करावं?" अलीकडे या प्रश्नाचा पुढचा भाग ऐकू येतो. "बूस्टर मागवला. गच्चीवर अँटेना लावली, वायर खाली आणली, घरात डबा बसवला. पण तो जोडलाच जात नाही. नुसता लाल दिवा लुकलुकतो. तेवढी सेटिंग सांगा ना."

आज मी या लाल दिव्याविषयीच बोलणार आहे. हा डबा करतो काय, तो चालत का नाही, चालत नाही म्हणून तसाच लावून ठेवला तर काय होतं, आणि मग घरात रेंज आणायची कशी, या क्रमानं जाऊ. गणिताची धास्ती नको. बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

पहिली गोष्ट. बूस्टर रेंज तयार करत नाही. बाहेरची अँटेना टॉवरकडून येणाऱ्या लहरी पकडते, वायर त्या डब्यापर्यंत आणते, डबा त्यांचा जोर वाढवतो आणि घरातली छोटी अँटेना त्या खोलीत सोडते. फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींचंही तेच, उलट दिशेनं. म्हणजे हा पोहरा आहे, आड नव्हे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही आपल्या आज्यांची म्हण इथं अगदी चपखल बसते.

आडात पाणी किती, हे मोजता येतं. फोनच्या पडद्यावरच्या काड्यांवर विसंबू नका. किती जोराला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा फोनच्या पोटात असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलचा आकडा दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* असं डायल करून कॉलचं बटण दाबलं की तपासणीचा पडदा उघडतो. हा आकडा उणे असतो, त्यामुळे घोटाळा होऊ देऊ नका. फोर-जीसाठी उणे ८५ म्हणजे छान, उणे १०० म्हणजे बेताचं, उणे ११० म्हणजे कॉल तुटण्याची भीती आणि उणे १२० म्हणजे फोन जवळजवळ बहिरा. हे माप डेसिबलचं आहे. दहाचा फरक पडला की जोर दसपट कमी-जास्त होतो. उणे ८५ आणि उणे ११५ यांत फरक तिसाचा, म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा. जोर हजारावा हिस्सा उरला.

आता बूस्टर का जोडला जात नाही, ते पाहू. कारणं पाच-सहाच आहेत.

पहिलं कारण म्हणीतलंच. गच्चीवरही आकडा उणे ११५ असेल, तर डब्याला वाढवण्यासारखं काही सापडतच नाही. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. दुधात पाणी झालेलंच असेल तर आटवून ते साईचं होत नाही.

दुसरं कारण पट्ट्यांचं. मोबाइलच्या लहरी एकाच पट्टीत गात नाहीत. भारतात ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झ असे निरनिराळे पट्टे वापरले जातात, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या फाइव्ह-जीसाठी ७०० आणि ३५०० च्या आसपासचेही. डबा ज्या पट्ट्यांसाठी बनला, तेवढेच तो ओळखतो. मुलानं अमेरिकेहून सुटकेसमधून आणलेला डबा तिथल्या पट्ट्यांसाठी असतो. तिथं ७०० आणि १९०० चे पट्टे चालतात, आपल्याकडचे ९०० आणि २३०० चे चालत नाहीत. एखादा ८५० चा पट्टा दोन्हीकडे जुळला तरी तुमची कंपनी तुमच्या गावात तोच वापरते, असं नाही.

तिसरं कारण वायर. गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंत पंधरा मीटर वायर सहज लागते. हलक्या, बारीक वायरीत एवढ्या अंतरात दहा डेसिबल सहज गळतात. म्हणजे गच्चीवर रुपया पकडला आणि घरात दहा पैसे पोचले. त्यात जोड नीट बसला नसेल, पहिल्याच पावसात पाणी शिरलं असेल, तर तेही गेले.

चौथं कारण याच्या अगदी उलटं. टॉवर समोरच्याच इमारतीवर असेल तर बाहेरचा सिग्नल इतका जबरदस्त असतो की डबा भांबावतो आणि चांगला असेल तर आपणहून बंद पडतो.

पाचवं कारण सर्वांत महत्त्वाचं. सत्यनारायणाच्या पूजेला लावलेला लाउडस्पीकर आठवा. कुणीतरी माइक घेऊन कर्ण्यासमोर जातो आणि 'कूंऽऽ' अशी कानठळ्या बसवणारी शिटी सुरू होते. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये, माइकमधला पुन्हा कर्ण्यात, असं ते चक्र फिरत राहतं. बूस्टरचं तसंच होतं. बाहेरची अँटेना म्हणजे माइक आणि घरातली म्हणजे कर्णा. दोघींमध्ये पुरेसा आडोसा नसला की घरातल्या लहरी बाहेरच्या अँटेनात शिरतात, पुन्हा वाढून घरात येतात, पुन्हा बाहेर जातात. सत्तर डेसिबलचा बूस्टर जोर एक कोटी पटीनं वाढवतो. मधली भिंत आणि अंतर त्या लहरी त्याहूनही जास्त दाबू शकलं नाही, तर शिटी ठरलेली. खिडकीच्या बाहेर एक अँटेना आणि खिडकीच्या आत दुसरी, अशी मांडणी मी कितीतरी घरांत पाहिली आहे. ही शिटी आपल्या कानाला ऐकू येत नाही, एवढाच फरक. फोनला मात्र ती ऐकू येते, आणि टॉवरलाही.

सहावी गोष्ट कारण म्हणण्यापेक्षा गैरसमज आहे. अमेरिकेतल्या मुली-जावयांकडून आपण ऐकतो, "आमच्याकडे कंपनीच डबा देते, लावला की झालं." तो डबा बहुधा वेगळा असतो. तो घरातल्या इंटरनेटला जोडला जातो आणि स्वतःच छोटा टॉवर होतो. आपण कुठं आहोत हे त्याला उपग्रहांकडून कळावं लागतं, म्हणून तो खिडकीजवळ ठेवावा लागतो, आणि त्याची कंपनीकडे नोंद लागते. तो जोडला गेला नाही तर दोष इंटरनेटमध्ये, उपग्रहाच्या सिग्नलमध्ये किंवा नोंदीत शोधायचा. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केली, तेव्हा केवळ थ्री-जीवर चालणारे असे जुने डबे निकामी झाले. त्यांत कुठली सेटिंग बदलून उपयोग नव्हता. आपल्यासारखा साधा बूस्टरही अमेरिकेत चालतो, पण तिथल्या नियामकानं २०१३ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे तो प्रमाणित असावा लागतो, शिटी सुरू झाली की आपोआप गप्प व्हावा लागतो, आणि वापरणाऱ्यानं कंपनीची संमती घेऊन नोंद करावी लागते.

यावर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, डबा चालत नाही तर नाही. चार हजार रुपये पाण्यात गेले. त्यानं कुणाचं काय बिघडलं?

इथं मला २०१० च्या सुमाराची एक हकीकत सांगायची आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाजारपेठेत कॉल तुटण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. टॉवर ठणठणीत होता. तपासायला आम्ही दोघं-तिघं गेलो. टॉवरच्या नोंदी काढल्या, तर फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या बाजूला प्रचंड गोंगाट. गंमत अशी की तो सकाळी दहाच्या सुमारास सुरू व्हायचा आणि रात्री नऊला थांबायचा. आठवड्यातून एक दिवस अजिबात नसायचा, आणि तो दिवस बाजारपेठेच्या सुट्टीचा होता. त्या काळात भारनियमन जोरात होतं. ज्या वेळेला बाजारच्या भागातली वीज जायची, त्याच मिनिटाला गोंगाट बंद. मग शोधायला फारसं काही उरलं नाही. हातात दिशा दाखवणारी अँटेना आणि मोजणीचं यंत्र घेऊन आम्ही गल्लीत शिरलो आणि एका कापडाच्या दुकानापाशी थांबलो.

दुकानदार सज्जन माणूस. आधी चहा मागवला. बूस्टर आहे का विचारलं, तर म्हणाला, "आहे की साहेब, माळ्यावर. पण तो चालतच नाही. लाल दिवाच लागतो. काढायला वर कोण चढणार, म्हणून राहू दिलाय." दुकानाचा मेन स्विच सकाळी वर केला की माळ्यावरचा डबाही सुरू व्हायचा आणि दिवसभर शिटी मारत बसायचा. आम्ही त्याची पिन काढली. पाच मिनिटांत टॉवर शांत झाला.

त्याच गल्लीच्या टोकाला एक छोटं प्रसूतिगृह होतं. आम्ही यंत्र घेऊन फिरतोय हे पाहून तिथल्या परिचारिकाबाई बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं, की दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेले आणि एखादी बाई अडली, तर त्यांना फोन लागत नाही. गेले दोन महिने त्या शिपायाला सायकलवरून पिटाळत होत्या. ज्या वेळी एकेक मिनिट मोलाचं, त्या वेळी निरोप सायकलवरून जात होता. आणि कारण काय, तर शंभर पावलांवरच्या माळ्यावर असलेला, कुणालाच उपयोगी नसलेला एक डबा. दुकानदारानं हे ऐकलं आणि तो बराच वेळ गप्प बसला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांना नसतं.

म्हणून आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. न जोडला गेलेला बूस्टर गप्प बसलेला नसतो.

असं का होतं? तुमचा फोर-जी फोन फार तर पाव वॉटहून थोड्या कमी ताकदीनं बोलतो. टॉवरपर्यंत पोचेपर्यंत त्यातलं किती उरतं? एका वॉटचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एखादा. टॉवरचा कान इतका तिखट असतो की त्याला तेवढंही पुरतं. पण त्याच कानाशी एखादा डबा चोवीस तास शिट्टी फुंकत बसला, तर दूरच्या फोनचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. जवळचे फोन ओरडून कसंबसं काम भागवतात आणि दूरचे तुटतात. टॉवरचा पल्लाच आक्रसतो. ज्याच्या घरी डबा आहे त्याला याचा पत्ता लागत नाही, कारण त्रास होतो तो पलीकडच्या आळीला.

आता कायद्याकडे येऊ. आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, की पूर्वी घरातल्या रेडिओचंही लायसन्स असायचं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. १९८० च्या दशकात ते बंद झालं. ऐकण्यावर बंधन उरलं नाही. लहरी सोडणाऱ्या यंत्रांवर मात्र ते राहिलं, आणि ते रास्तच आहे, कारण आकाश सर्वांचं एकच आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या आधारे केंद्रीय दूरसंचार विभागानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कुणीही मोबाइलचा बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे. संसदेनं २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा केला. बिनतारी यंत्र बाळगायला अधिकृत परवानगी किंवा सूट हवी, हे तत्त्व त्यातही आहे. दुकानात मिळतो म्हणून तो चालतो, असं समजू नका.

एक खुलासा इथंच करतो. वाय-फायची कक्षा वाढवणारं यंत्र, ज्याला एक्स्टेंडर म्हणतात, ते वेगळं. वाय-फायच्या पट्ट्यांना सरकारनं परवान्यातून मोकळीक दिलेली आहे. ते खुशाल वापरा.

मग घरात रेंज आणायची कशी? नियम एकच. आधी निदान, मग औषध.

एक कागद घ्या. त्यावर घराचा साधा नकाशा काढा. फोन घेऊन प्रत्येक खोलीत, खिडकीशी, अंगणात, गच्चीवर जा. मिनिटभर थांबा आणि आकडा लिहा. घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या फोनचेही आकडे शेजारी लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि चार हजारांच्या डब्यापेक्षा हा कागद तुम्हाला जास्त सांगेल.

गच्चीवर उणे ८५ आणि स्वयंपाकघरात उणे ११२ असेल, तर दोष भिंतींचा. लोखंडी सळ्यांचं काँक्रीट, पत्र्याचं छप्पर, काचेवरचा चकचकीत धातूचा लेप, ही सगळी मंडळी लहरी अडवतात. पट्टा जितका वरचा, तितका अडसर जास्त. म्हणून फाइव्ह-जीचा ३५०० चा पट्टा रस्त्यावर जोमदार असतो आणि माजघरात दमतो. गच्चीवरही उणे ११५ असेल, तर दोष टॉवरच्या अंतराचा किंवा मधल्या डोंगराचा. कोकणात आणि घाटमाथ्याच्या खोऱ्यांत हे नेहमीचं. शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा फोन त्याच जागी उत्तम चालत असेल, तर दोष तुमच्या फोनचा किंवा सिमचा. आणि कालपर्यंत सगळं ठीक होतं, आज साऱ्या आळीची रेंज गेली, तर टॉवरचं काहीतरी बिघडलं आहे.

आता औषधं. फोनचा दोष असेल तर धातूचं कव्हर काढून पाहा, जुनं सिम बदलून घ्या. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये फाइव्ह-जीऐवजी फोर-जी ठेवून दोन दिवस वापरून पाहा. घरात पुष्कळदा तेवढ्यानंच कॉल तुटायचे थांबतात.

भिंतींचा दोष असेल आणि घरात इंटरनेट असेल, तर आज सर्वांत सोपा उपाय वाय-फाय कॉलिंगचा. भारतात काही मोठ्या खासगी कंपन्यांनी तो डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात सुरू केला. यात तुमचा नेहमीचाच नंबर, नेहमीचाच डायल. फक्त कॉल टॉवरऐवजी घरातल्या वाय-फायवरून जातो. फोनच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' नावाचं बटण असतं. ते एकदा सुरू करायचं. ते दिसलं नाही तर तुमच्या फोनमध्ये आणि कंपनीकडे ती सोय आहे का, हे कंपनीला विचारा. मात्र वीज गेली की राउटर बंद आणि कॉलही बंद. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा त्याच्यासाठी मिळणारी छोटी बॅटरी लावा. घरात एकटे राहणारे वृद्ध असतील तर हे विसरू नका. शक्य असेल तर त्यांच्या उशाशी इंटरनेटच्या जोडणीवरचा साधा, तारेचा फोनही ठेवा.

गावाकडच्या जांभ्याच्या घरात तारेचं इंटरनेट पोचलेलं नसेल, तर आकड्यांचा कागद पुन्हा काढा. एखादी खिडकी, एखादा माडीचा कोपरा असा सापडतो, की तिथं आकडा इतर जागांपेक्षा पंधरा-वीसनं चांगला असतो. सिम घालायचा राउटर त्या जागी ठेवला, तर घरभर वाय-फाय मिळतं आणि त्यावर वाय-फाय कॉलिंग चालू शकतं. राउटर हा तुमच्या फोनसारखाच एक ग्राहक असतो. तो टॉवरच्या आज्ञेत राहून बोलतो. बूस्टरसारखा सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळत नाही.

अंतराचा दोष असेल तर दुसरी कंपनी पाहा. तुमच्याच गच्चीवर दुसऱ्या कंपनीचा आकडा किती, हे पाहुण्याच्या फोनवरून कळतं. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात, तेही पाहा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढं आपला नंबर घालायचा आणि १९०० वर संदेश पाठवायचा.

टॉवरचा दोष असेल तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. "रेंज नाही" एवढंच सांगू नका. कुठल्या खोलीत, कुठल्या वेळी, किती आकडा, हे सांगा. आकड्यानिशी आलेली तक्रार इंजिनिअरला टाळता येत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून अनुभवलं आहे. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

मोठ्या सोसायट्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तळमजल्यावर, पार्किंगमध्ये, लिफ्टपाशी रेंज नसेल तर कंपनी स्वतः इमारतीत छोट्या अँटेनांचं जाळं बसवू शकते. अर्ज एकट्या-दुकट्यानं करण्याऐवजी सोसायटीनं करावा. आणि इथं थोडं स्पष्ट बोलतो. पुष्कळ सोसायट्या आधी गच्चीवरचा टॉवर आंदोलन करून काढायला लावतात आणि वर्षभरानं घराघरांत बूस्टर शोधू लागतात. किरणोत्साराची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, हे माहीत असावं. दुसरंही माहीत असावं, की टॉवर जितका दूर, तितका तुमच्या कानाला लावलेला फोन जोरात ओरडतो. टॉवर जवळ असला की तोच फोन कुजबुजून काम भागवतो.

शेवटी, ज्यांच्या घरी बूस्टर आहेच त्यांच्यासाठी. आपल्या डब्याचं नशीब पाहायचं असेल तर एक साधी चाचणी आहे. आठवडाभर त्याची पिन काढून ठेवा आणि आकड्यांचा कागद पुन्हा भरा. पुष्कळांना फरक दिसत नाही, काहींना चक्क सुधारणा दिसते. मात्र दिसलेला फरक काहीही असो, पिन पुन्हा लावू नका. गच्चीवरची अँटेना उतरवा. डबा दुसऱ्याला विकून त्याच्या गळ्यात घालू नका. शेजारी कुणाकडे असा डबा असल्याचा संशय असेल, तर भांडायला जाऊ नका. त्याला बहुधा त्या दुकानदाराइतकंच माहीत असेल. हे सगळं समजावून सांगा. तरी ऐकलं नाही तर त्रास होण्याच्या वेळा लिहून ठेवा आणि कंपनीला कळवा. भारनियमनानं आम्हाला वाट दाखवली, तशी तुमच्या नोंदी त्यांना दाखवतील.

आपल्या घरातून ११२ ला लागणारा फोन आपल्या भिंतींवर अवलंबून असतो, तसा शेजाऱ्याच्या माळ्यावरही असतो. आणि शेजाऱ्याचा आपल्या माळ्यावर. भाषण संपलं की चहा घ्यायच्या आधी एकदा वर चढून पाहा. लाल दिवा लुकलुकत असेल, तर पिन काढा.